जावयाचे पाय

बाळ काही केल्या कॅमेऱ्याकडं बघेना. आईनं त्याला स्टुलावर बसवलं होतं, मागं पांढरा पडदा, तिचे दोन्ही हात त्याच्या काखेत, आणि आपण फोटोत येऊ नये म्हणून ती बिचारी पडद्याआड वाकून उभी. बाल आधारचे फोटो असेच काढावे लागतात. मी जिभेनं टक् टक् केलं, चुटक्या वाजवल्या, स्टेपलर खडखडवलं, तेव्हा कुठं ते माझ्याकडं बघून बोळकं पसरून हसलं, आणि मी क्लिक करणार एवढ्यात टेबलावरचा मोबाईल थरथरला. लॅबचा मेसेज. तुमचा रिपोर्ट तयार आहे, सोबत जोडला आहे. माझं बोट माऊसवर तसंच राहिलं. आईनं पडद्यामागून विचारलं, आला का हो फोटो? मी म्हणालो, आला. आला कसला! तोवर बाळानं भोकाड पसरलं होतं आणि पुढं कितीही माकडचेष्टा केल्या तरी ते हसलं नाही. बाहेर बाकावर माणसं घामेजून बसलेली, वर पंखा नुसती गरम हवा ढकलतोय, मे महिन्यातली परभणी, त्यात धोंड्याचा महिना लागलेला, म्हणून गावोगावच्या लेकी-जावयांनी बाजार भरलेला. जगात जर्मनी आन् भारतात परभणी असं आम्ही ऐटीत म्हणतो. जर्मनीत एवढं ऊन असतं का, ते कुणी विचारत नाही.

रिपोर्ट मी दुकानामागच्या बोळीत जाऊन उघडला. सगळं इंग्रजी. पण तीन ओळी वेगळ्या काढून ठेवलेल्या होत्या. पहिल्या दोन ओळींपुढं प्रेझेंट आणि तिसरीपुढं ॲबसेंट. दिवसभर लोकांची नावं, त्यांच्या बापांची नावं, बोटांचे ठसे घेणारा माणूस मी. ॲबसेंट म्हणजे काय हे मला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. तरी मी डॉक्टर सुकेशनी मॅडमना फोन लावला, कारण माणूस मुडदा बघूनसुद्धा नाडी बघा म्हणतो. मॅडम शांतपणे सांगणाऱ्यांतल्या. म्हणाल्या, भागवतराव, वाय नावाचं एक गुणसूत्र फक्त पुरुषात असतं, बापाकडून मुलाला जातं, त्याच्याकडून त्याच्या मुलाला. असतं एवढंसं. पण शुक्राणू तयार करण्याचं काम बघणारी बरीच जनुकं त्याच्यावर एका पट्ट्यात बसलेली असतात, आणि तुमच्यात त्या पट्ट्याचा एक तुकडाच नाही. हा रोग नाही, तुम्ही काही केलं म्हणून नाही, मर्दपणाशी याचा काही संबंध नाही. तुम्ही आईच्या पोटात आलात तेव्हापासूनच तो नाही. गोळ्यांनी, काढ्यांनी तो परत येत नाही. मी विचारलं, वडिलांकडूनच आलंय का मग? त्या म्हणाल्या, वडिलांना तुम्ही झालात ना, बहुधा हे तुमच्यापासूनच सुरू झालंय. सुरू. ज्याच्यानं सगळं खलास होतं ते माझ्यापासून सुरू. मग म्हणाल्या, एक वाट आहे. अंडकोषात सुई घालून शोधलं तर काही जणांत थोडे शुक्राणू सापडतात, त्यातून टेस्ट ट्यूब बाळ होऊ शकतं. पण एक लक्षात ठेवा, मुलगी झाली तर तिला यातलं काही नाही. मुलगा झाला तर हाच वाय त्याला जाणार, हाच तुकडा नसलेला. आज तुम्ही जिथं उभे आहात तिथं उद्या तो. आणि मुलगा की मुलगी हे आपल्याला निवडता येत नाही, तसा कायदाच आहे. मिसेसना घेऊन या, बसून बोलू. मी हो हो म्हणत राहिलो. बोळीत नाली वाहत होती, समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी कुरडया वाळत घातल्या होत्या, आणि माझ्या मनात एकच, की मिसेसना काय सांगू.

कारण मिसेसना मी आधीच अर्धवट सांगून बसलो होतो. दोन महिन्यांपूर्वी याच मॅडमनी पहिल्या भेटीत राजेश्रीच्या फायलींचा गठ्ठा बाजूला सारला आणि विचारलं, यांची तपासणी कुठाय? लग्नानंतरच्या नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. नांदेडच्या डॉक्टरनं नाही, संभाजीनगरच्या नाही, पाण्यात मंतरलेला दोरा बुडवून देणाऱ्या त्या बाबानं तर नाहीच नाही. मला एक प्लास्टिकची डबी देऊन एका खोलीत पाठवलं. खोलीची कडी धड लागत नव्हती, भिंतीवर गोऱ्यापान गुबगुबीत बाळाचं कॅलेंडर, बाहेर कुणीतरी सारखं खोकतंय, आणि मी दाराला पाय लावून उभा. असली फजिती वैऱ्यावर येऊ नये. दोन दिवसांनी आकडा आला तो शून्य. मी पुन्हा डबी दिली, पुन्हा शून्य. मग मॅडम म्हणाल्या, रक्ताची एक तपासणी करू, बाहेर पाठवावी लागेल. घरी येऊन राजेश्रीला मी म्हणालो, थोडं कमी आहे म्हणाल्या, रक्त तपासतील, गोळ्या देतील. शून्याला कमी म्हणणं हे काही खोटं नाही, असं मी मला समजावलं. शून्य हे एकापेक्षा कमीच असतं की. ती भाकरी थापत होती, थांबली, आणि म्हणाली, असू द्या, माझ्यातच काहीतरी असंल. तिला तशी सवयच लागली होती. गर्भनळ्यांच्या तपासणीत तिच्या पोटात औषध सोडलं तेव्हा ती ओरडली ते मी बाहेर ऐकलं होतं; नळ्या मोकळ्या निघाल्या तरी आई म्हणाली, मोकळ्या हायत तर दिवस का राहीनात मंग? गाय आणि वासरू एकाच रंगाचं असंल तिचं दूध प्यायचं म्हणून आम्ही पार चारठाण्यापर्यंत पांढरी गाय शोधत गेलो. शनिवारी पोखर्णीला नरसिंहाला चालत जाणं झालं. चुलतभावाच्या पोराच्या बारशात ती पाळण्याची दोरी धरायला पुढं झाली, तर काकू अगदी गोड आवाजात म्हणाल्या, तू जरा तिकडं बस गं बाई, पंख्याखाली. ती पंख्याखाली जाऊन बसली. मी बाहेर मंडपात माणसांत बसून सोयाबीनच्या भावावर बोलत होतो. हे सगळं कुणाचं होतं? माझं होतं. माझ्या वाटणीची माती माझ्या बायकोनं नऊ वर्षं खाल्ली आणि मी शेजारी बसून भावाची चौकशी करत होतो.

त्या संध्याकाळी घरी आलो तर आई भलतीच खुशीत. आम्ही दुसऱ्या दिवशी राणीसावरगावला राजेश्रीच्या माहेरी धोंडे जेवायला जाणार होतो. तीन वर्षांनी एकदा हा महिना येतो, त्यात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून पाय धुतात, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात, तेहेतीस अनारशांचं वाण देतात. आईनं पिशवीत एक साडी भरून ठेवलेली, नवी, मोरपंखी. म्हणाली, ही प्रियांकाला. प्रियांका म्हणजे राजेश्रीची धाकटी बहीण. माझ्या आईनं, धुरपताबाईनं, सुनेच्या बहिणीला साडी द्यावी याचं मला नवल वाटायला पाहिजे होतं. पण मी मोरीत आरशासमोर उभा होतो. दाढी होती, मिशी होती, छातीवर केस होते, आवाज माझाच होता. आई गं म्हणून बघितलं, तोच. मग गळालं कुठून? गोणीला बारीक छिद्र पडावं आणि वाटभर धान्य सांडत यावं, घरी येईतोवर कुणाला पत्ता नाही, तसं काही माझं झालं होतं का? राजेश्रीनं बाहेरून विचारलं, रिपोर्ट आला का हो? मी म्हणालो, नाही, सोमवारी म्हणाले. ती माझ्या शर्टाला इस्त्री करता करता खाली मान घालून म्हणाली, उद्या बाबा तुमाला काही बोलतील. ऐकून घ्या. लगेच न्हाई म्हणू नका. मला वाटलं अंगठी-बिंगठी असंल. मी हं म्हणालो. रात्रभर माझी पाठ ओली होत राहिली, ते काही नुसत्या उकाड्यानं नाही.

गंगाखेडच्या एसटीत खिडकीजवळ राजेश्री बसली, तोंडाला पदर बांधून, मांडीवर पिशवी. मी तिच्याकडं बघत होतो आणि बघत नव्हतो. आत्ता सांगावं. आत्ता नको, पुढच्या सीटवरचा माणूस कान टवकारून बसलाय. गंगाखेड आल्यावर सांगावं. गंगाखेड आलं, आम्ही उसाचा रस प्यायलो, तिनं माझ्या शर्टावर सांडलेला थेंब पुसला, आणि मी म्हणालो, बर्फ लय घातलाय. एवढंच निघालं तोंडातून. उसाचं नाव निघालं की मला माझा जन्म आठवतो, म्हणजे आई मला तो आठवायला लावते. माझे वडील सटवाजी आणि आई दरवर्षी ऊसतोडीला जायचे, आणि मी खाली कारखान्याकडं एका कोपीत झालो, उसाच्या पाचटाच्या झोपडीत. आई सांगते की त्या दिवशी सकाळपर्यंत ती फडात मोळ्या बांधत होती, दुपारी मी झालो, तिसऱ्या दिवशी ती पुन्हा फडात आणि मी बांधावर, साडीच्या झोळीत. माझ्या आधीचे दोन गेले होते. वडिलांनी मला एक दिवस कोयत्याला हात लावू दिला नाही. शिकला पाह्यजे म्हणायचे. ते गेले तेव्हा आई सगळ्यांसमोर मला जवळ घेऊन म्हणाली, धनी गेले तरी नाव गेलं न्हाई, ह्यो हाय. ह्यो म्हणजे मी. आणि माझ्यापासून सुरू. एसटी खड्ड्यात आदळली, राजेश्रीचं डोकं माझ्या खांद्याला लागलं, आणि तिनं ते तिथंच ठेवलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. खरंच सांगतो, चालत्या गाडीतून.

किशनराव, माझे सासरे, फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे. जावयाला उन्हात चालू द्यायचं नाही. राजेश्री शेजारच्या मुलीच्या स्कूटीवर बसून पुढं गेली आणि ते मला घराकडं न नेता आधी विहिरीकडं घेऊन गेले. नवी मोटार दाखवायची आहे म्हणाले. मोटार दाखवली, निंबाखाली बाज टाकली होती तिच्यावर बसवलं, तांब्यातलं पाणी दिलं, आणि स्वतः खाली मातीत बसले. मी म्हणालो, मामा, वर बसा. ते बसेनात. किशनराव कमी बोलणारा माणूस. वीस एकराचा धनी, पण माझ्याशी बोलताना कायम नजर खाली, जणू त्यांनी मला खोटा माल विकलाय. हे नऊ वर्षांत हळूहळू झालं. लग्नाच्या वेळी हाच माणूस मांडवात ताठ उभा होता.

“जावईबापू,” ते म्हणाले, “आमची लेक फळाला आली न्हाई. दुसऱ्या कुणी कवाच आणून सोडली असती. तुमी सांभाळली. तुमच्या मातोश्रींचा फोन आलता. आमच्याकून मंजूर हाय. प्रियांकाला पदरात घ्या.”

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. ते समजावून सांगत राहिले, बैलाच्या व्यवहारासारखं नाही, अगदी जीव तोडून. कोर्टात, पत्रिकेत काही नाही, देवापुढं दोन हार घालायचे. सख्ख्या बहिणी आहेत, भांडायच्या नाहीत. राजेश्री थोरली म्हणून मानानं राहील, लेकरू झालं की तिच्याच मांडीवर वाढेल. मी कसंबसं म्हणालो की प्रियांका तर पोलीस भरतीची तयारी करतेय ना? ती रोज पहाटे फाट्यापर्यंत पळत जायची, गेल्या दिवाळीला मला घड्याळ लावून वेळ मोजायला सांगायची, दाजी, बरोबर मोजा, लबाडी नको. किशनराव म्हणाले, पळणं बंद केलं तिनं. कशासाठी पळू म्हणली. आधी आयकत नव्हती, लय रडली, पण थोरलीनं समजावली. मी विचारलं, कोणी? ते म्हणाले, राजेश्रीनं. तिचाच इचार हाय हा. दोन महिने झाले, रोज फोनवर समजावायली बहिणीला.

दोन महिने. त्या डबीनंतरचे. मी थोडं कमी आहे म्हणालो आणि ती असू द्या म्हणाली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं आपली बहीण माझ्यासाठी वळवायला घेतली. कमी म्हणजे अजून आहे, असा तिनं हिशेब केला असणार. जमीन बदलली तर उगवेल. आता आणखी एक पोरगी येणार, मोरपंखी साडी नेसून. तिच्याही नळ्या तपासतील, तिलाही पांढऱ्या गाईचं दूध पाजतील, तीही कुणाच्या तरी बारशात पंख्याखाली जाऊन बसेल, आणि आई म्हणेल, आमच्याच नशिबाला दोन्ही बहिणी चोपण रानासारख्या, काही उगवत म्हणून नाही. आणि मी? मला कुणी काही म्हणणार नाही. मी मेलो तरी म्हणणार नाही. मला एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं होतं. ते मला येत होतं. ते मला इतकं चांगलं येत होतं याचीच मला भीती वाटली. बाजेवरून उठताना मी तांब्याला अडखळलो, किशनरावांनी मला हात दिला आणि म्हणाले, ऊन लागलं का? मी म्हणालो, हो.

घरी ओसरीवर रांगोळी, दोन पाट, समया. दारात दोन शेजारणी डोकावत उभ्या. मला पाटावर बसवलं, शेजारी राजेश्रीला. ती हिरव्या साडीत होती, माझ्याकडं एकदा बघितलं, ऐकलं का या नजरेनं, आणि चटकन मान वळवली. आत चुलीवर धोंडे वाफवल्याचा, वेलदोड्याचा वास. घरातलं अजून कुणी जेवलेलं नव्हतं. जावयाच्या आधी जेवत नाहीत. प्रियांका ताटं मांडत होती. ती माझ्या डोळ्याला डोळा देईना, वाकून पळी ठेवली आणि गेली, आणि दाराच्या कोपऱ्यात तिचे पळायचे बूट खिळ्याला नाडीनं टांगलेले मला दिसले. नर्मदाबाई, माझ्या सासूबाई, तांब्या घेऊन आल्या, किशनरावांनी माझ्यापुढं परात सरकवली, माझे पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवले. पाणी गार होतं. त्यांचे हात खरखरीत, नखांत विहिरीवरची माती. ते माझी टाच चोळत होते, बोटांच्या बेचक्या धूत होते, आणि पुटपुटत होते, नारायणा, सांभाळून घे. बास. तिथं मला राहवलंच नाही. काही विचार करून बोललो असतो तर बोललोच नसतो.

“मामा, थांबा,” मी म्हणालो. “खोट राजेश्रीत न्हाई. माझ्यात हाय. मला लेकरू होत न्हाई.”

किशनरावांनी वर बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. आणि त्या माणसानं काय करावं? माझ्या ओल्या पायांवर कपाळ टेकवलं. असा जावई जन्मोजन्मी मिळू दे म्हणाले. नर्मदाबाईंनी तांब्या खाली ठेवून डोळ्याला पदर लावला, म्हणाल्या, बायकूचा बोल सवताच्या माथी घ्यायलेत, बघा. दारातली शेजारीण म्हणाली, आजच्या जमान्यात कोण घेतंय हो. मी म्हणालो, अहो खरंच, तपासणी झालीय, कालच रिपोर्ट आलाय. मोबाईल काढला, रिपोर्ट उघडून किशनरावांच्या नाकासमोर धरला. ते मायेनं म्हणाले, असू द्या बापू, डागदर लोक पैशासाठी काय बी लिहितेत. मी सांगायला लागलो, बापाकडून मुलाला जातं ते एक असतं, वाय, त्याचा तुकडा माझ्यात नाही, जन्मापासून नाही, आणि सांगता सांगता मला ऐकू येत होतं की मी किती वेडगळ बोलतोय. किती मोठी मिशी आहे याला, आणि म्हणतो तुकडा नाही. जेवढा मी ओरडत गेलो तेवढे ते रडत गेले. ते मला अजून वर, अजून वर चढवत होते आणि मला खाली उतरता येईना. बाईत खोट असते, पुरुषाचं मन मोठं असतं, एवढंच त्यांना ठाऊक, आणि धोंड्याच्या महिन्यात तर जावई साक्षात देव. देवाच्या अंगची खोट कोण खरी मानतं? त्या क्षणाला मला एक घाणेरडा विचार आला तो सांगून टाकतो. झालं, मी बोललो. माझं काम मी केलं. ऐकलं नाही तर मी काय करू?

“बाबा, पाय सोडा त्यांचे,” राजेश्री म्हणाली. ती पाटावरून उठली होती. “खरं बोलायलेत ते.”

नर्मदाबाई म्हणाल्या, तुला काय म्हाईत? ती म्हणाली, मला म्हाईत हाय ते खोटं कसं बोलतेत. हे तसं न्हाई. मग ती माझ्याकडं वळली. मी परातीत पाय ठेवून बसलेलो, ती उभी, आणि तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

“ते कमी हाय म्हणला होतात. ते किती होतं?”

“शून्य.”

“तवाच म्हाईत होतं?”

मी होकारार्थी मान हलवली. ती काही तरी मोजत असल्यासारखी भिंतीकडं बघत राहिली. मग स्वयंपाकघराच्या दारात पळी धरून उभ्या असलेल्या प्रियांकाकडं बघून म्हणाली, म्या हिच्या पाया पडले. दिवाळीत घड्याळ लावून पळणारी पोरगी, तिला म्हणले, माझा संसार वाचीव. बस एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. किशनराव परातीजवळून उठले, त्यांनी हात धोतराला पुसले, पुसतच राहिले. दारातल्या शेजारणी कधी गेल्या कळलं नाही. शेवटी नर्मदाबाईंनीच विचारलं, मंग औषध न्हाई का काही? मी सांगितलं, औषध नाही, एक वाट आहे, जमेलच असं नाही. मुलगी झाली तर चांगली निपजेल. मुलगा झाला तर त्याच्यातही हेच, त्यालाही असंच लेकरू होणार नाही. सासूबाई म्हणाल्या, नऊ वर्षं पोरगा दे म्हणून देवाला साकडं घातलं, आता पोरगी दे म्हणते, त्याला काय, देवाला दोन्ही सारखंच. त्या हे अगदी मनापासून म्हणाल्या आणि मला हसू येईल की रडू ते समजेना.

“आन् पोरगाच झाला तर?” राजेश्रीनं मला विचारलं. “मोठा झाल्यावर त्याला हे कोण सांगणार? त्याची बायकू पंख्याखाली जाऊन बसायच्या आधी? तुमी?”

“सांगंन,” मी म्हणालो.

“मंग आधी आईला सांगा.”

तिनं माझ्या हातातला मोबाईल घेतला, आईचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन माझ्या हातात परत दिला. घंटी वाजत होती. उचलू नये, मी म्हणत होतो, झोपली असू दे, शेजारी गेली असू दे. आईनं उचलला. मागं टीव्ही चालू होता. तिनं हॅलोसुद्धा म्हणलं नाही. साडी आवडली का पोरीला, ठरलं का समदं, एका दमात विचारलं. तो आवाज सगळ्या ओसरीवर घुमला. मी आई म्हणालो आणि थांबलो. राजेश्री माझ्याकडं बघत नव्हती, मी पाय बाहेर घेतले आणि ती वाकून परात बाजूला सरकवायला लागली, पाणी न सांडता.

“आई, काही ठरायचं न्हाई. राजेश्रीत काय बी खोट न्हाई. माझ्यात हाय. तपासून घेतलंय. आपल्या घरात लेकरू नाही ते माझ्यामुळं.”

पलीकडं टीव्ही बंद झाला. नुसता तिचा श्वास, फडातून मोळी डोक्यावर घेऊन येताना लागायचा तसा. मग तिनं अगदी हळू, मायेनं, मी लहान असल्यासारखं विचारलं,

“तिनं शिकवलं व्हय रं तुला असं बोलायला?”

किशनरावांनी माझ्याकडं बघितलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा नजर खाली केली नाही. राजेश्रीनं मात्र ऐकलंच नाही असं केलं. ती मांडलेल्या ताटांपैकी एका ताटावर जाऊन बसली, शेजारचं ताट हातानं ओढून प्रियांकाला म्हणाली, ये, बस, भूक लागली असंल. माझ्या आधी, बापाच्या आधी तिनं धोंडा फोडला, वरून तूप घेतलं आणि खायला लागली. मी फोन तोंडाजवळ धरला आणि आईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.